आमच्या खेकड्यात आमसूल नसतं

उरवडे, ता. मुळशी
२४ ऑगस्ट

प्रिय रोहित,

‘प्रिय’ हा शब्द हाताच्या सवयीने लिहिला गेला. खोडणार होते, पण खोडलेल्या शब्दावरही तू एखादा लेख पाडशील, म्हणून राहू दिला आहे. त्याचा याहून जास्त अर्थ काढू नकोस.

वीस वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. पत्ता शोधावा लागला नसता. कोळवणला आईकडे जाताना तुझा बंगला एस.टी.तूनही दिसतो, शनिवार-रविवारी बाहेर लागलेल्या पुण्याच्या गाड्याही दिसतात. लिहिलं नाही, तरी वाचत मात्र आले. तुझं सदर सुरू झाल्यापासून एक रविवार चुकला नाही. माझा नवरा, दयानंद, सकाळी पेपर आणतो, खेळाचं पान स्वतःकडे ठेवतो आणि पुरवणी माझ्या बाजूला सरकवतो. तुपाच्या बेरीवर तू दीड कॉलम लिहिला होतास, कढईच्या तळाशी उलथनं लागल्यावर होणाऱ्या आवाजासकट. ताम्हिणीच्या वळणावरच्या धाब्यात मिळणारी सुक्या बोंबलाची चटणी, एका आजारी सारंगीवाल्याच्या घरी खाटेवर बसून ऐकलेला मारवा, भात निसवताना कोळवणच्या खाचरांवरून येणारा वास, थंडीत पाठीवर घेतलेलं ऊन. तुला जगातलं सगळंच आवडतं. इतक्या वर्षांत एकदाही तुझं तोंड कडू झालेलं मी वाचलं नाही. अशा माणसाचा हेवा वाटावा की त्याच्यापासून लांब राहावं, हे मला आधी ठरवता येत नव्हतं. आता येतं.

माझं काम तुला माहीत नसणार. इथे उरवड्यात एका मसाल्याच्या कारखान्यात मी चव तपासते. सकाळी अकराला आम्ही चौघं एका पांढऱ्या खोलीत बसतो. त्याआधी तासभर चहा नाही, केसांना वासाचं तेल नाही. प्रत्येक मसाला कोमट पाण्यात कालवून जिभेवर घ्यायचा, थुंकायचा, दोन कुरमुरे चावायचे, मग पुढचा. कागदावर ‘छान’, ‘झकास’ असले शब्द लिहायला बंदी आहे. तिखट शेंड्याला लागलं की घशात, किती वेळ टिकलं, धण्याचा वास आधी आला की मागून, एवढंच लिहायचं. सोळा वर्षं हे करते आहे. त्यामुळे एखादं वाक्य माणसाच्या जिभेवरून आलंय की दुसऱ्याच्या वाक्यावरून उचललंय, ते मला कळतं. तुझी वाक्यं बहुतेक वेळा जिभेवरून आलेली असतात. हे कबूल करायला आवडत नाही, तरी करते.

आणखी एक कबूल करते म्हणजे ते एकदाचं संपेल. बघायला मी तुझ्याकडून शिकले. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी तू मला पुण्यात एका चित्रप्रदर्शनाला नेलं होतंस. मला वाटलं होतं देवादिकांची, डोंगरांची चित्रं असतील. एका छोट्या चित्रात नुसतं टेबल होतं आणि त्यावर पिळून ठेवलेलं ओलं फडकं. मी पुढे निघाले, तर तू बाहीला धरून थांबवलंस आणि फडक्याच्या घडीत साचलेला अंधार दाखवलास. तो निळा होता. त्या दिवशी परतीच्या एस.टी.त मी चांदणी चौकापासून कोळवणपर्यंत प्रत्येक गोष्टीची सावली बघत आले. दामूच्या पोरीला सावलीचा रंग बघायची सवड असते, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. माझे आबा तुझ्या वडिलांच्या, हैबतरावांच्या, खाचरात लावणीला जायचे. तू गावठाणातला, मी ओढ्यापलीकडच्या बौद्धवस्तीतली. सकाळच्या एस.टी.त आपण एका बाकावर बसायचो आणि पौड येईपर्यंत गावातलं कुणी चढत नाही ना, याकडे दोघांचंही लक्ष असायचं.

तुझा डबा आठवतो. तुझ्या आईच्या, रंभाकाकूंच्या, हातचा चार पुडांचा डबा. तू झाकण उघडायचास आणि पहिला घास मला द्यायचास. मला त्याचं केवढं अप्रूप होतं. कॉलेजात दोन वर्षं आपण रोज एकत्र जेवलो. तुझ्या डब्यात इतकं असायचं की माझा डबा उघडायची पाळीच यायची नाही. मी तो परत आणायचे आणि वस्तीच्या अलीकडे पुलाजवळ उभी राहून एकटीच संपवायचे, आईला वाईट वाटू नये म्हणून. ‘तुझा उघड ना,’ असं तू एकदाही म्हणाला नव्हतास. हे माझ्या आत्ता लक्षात येतं आहे. तेव्हा मी त्याला तुझं औदार्य समजत होते.

मग तो आषाढातला रविवार. आपलं शेवटचं वर्ष नुकतं सुरू झालं होतं. तूच म्हणालास, तुझ्या घरी जेवायला येतो. मी दोन दिवस नीट झोपले नाही. घरी सांगितलं तेव्हा आबा अंगणात जाऊन उभे राहिले. थोड्या वेळाने आत आले आणि म्हणाले, “हैबतरावाचं पोर आपल्या उंबऱ्याच्या आत येतंय. साधी गोष्ट हाय का ही?” रविवारी उजाडताच ते ओढ्याला गेले. बिळाबिळांत हात घालून त्यांनी अकरा खेकडे धरले. एका नांगीने अंगठा फोडला होता, त्याला चिंधी बांधून ते ओट्यावर बसले आणि आईला सांगितलं, पोराला मोठं मोठं वाढ.

आईने ते कसे केले हे मी तुला सांगणार आहे, कारण तुला ते माहीत नाही. बारके पाय वेगळे करून तिने पाट्यावर ठेचले, पाणी घालून फडक्यातून गाळले. कांदा आणि सुकं खोबरं निखाऱ्यावर भाजलं, काळं होऊ न देता, पण काळं व्हायला एक क्षण राहील इथवर. वाटण तेलात परतलं, त्यात ते गाळलेलं पाणी घातलं, आणि उकळी आल्यावर खेकडे सोडले. शेवटी चिमूटभर चिगूर. चिगूर म्हणजे चिंचेचा कोवळा पाला. वस्तीच्या तोंडाशी चिंच आहे, तिचा पाला उन्हाळ्यात खुडून, वाळवून, चुरून आई डब्यात भरून ठेवते. ती आमटी जिभेवर घेतली की आधी धूर लागतो. मग गोडसर काहीतरी, आणि त्याच्या खाली ओढ्यातल्या दगडासारखी गार चव, जिला मी कागदावर ‘ओली माती’ लिहीन आणि तरी समाधान होणार नाही. आंबट येतं, दातांच्या मुळाशी टोचतं आणि लगेच निघून जातं. तिखट सगळ्यांच्या मागून, गिळून झाल्यावर, कानाच्या पाळ्यांत. आजवर हजारो मसाले जिभेवर घेतले असतील. त्या चवीच्या जवळपास कुणी आलेलं नाही.

तू आतल्या खोलीत खिडकीशी पाटावर बसलास. आबांना मी म्हटलं, तुम्हीपण बसा बरोबर. ते लाजले, मागून जेवतो म्हणाले. आई मागच्या पडवीत चुलीपुढे भाकरी थापत होती. तिने ताट वाढून दिलं, मी ते तुझ्यापुढे ठेवलं, आणि तू लिंबू मागितलंस. आमच्याकडे लिंबू नव्हतं. मी शेजारी धावले, तिथे नव्हतं, पुढच्या घरी गेले. परत आले तर तुझं ताट रिकामं होतं. लख्ख. लिंबू माझ्या मुठीत राहिलं. आई भाकरी घेऊन आली तशी तू हात जोडून म्हणालास, “काकू, असं मी आयुष्यात कधी जेवलो नाही.”

ते एक वाक्य तू खरं बोललास.

दोन महिन्यांनी पौडच्या स्टँडवर तू मला सांगितलंस की वडील ऐकणार नाहीत. तू रडत होतास. मी तुला समजावलं, पाणी आणून दिलं, पुण्याच्या गाडीत बसवलं. मनात तुझ्याविषयी राग नव्हता. मी स्वतःला सांगितलं, घर आडवं आलं, तो नाही. तो तर आमच्यात बसून जेवला. वीस वर्षं मी तुला त्या एका ताटावर माफ करत आले, रोहित. लग्नानंतर पहिल्याच वर्षी दयानंदलाही हे सांगितलं. तो चांगला माणूस आहे. माझी आई जे वाढेल ते खातो, पण मीठ कमी असलं तर कमी आहे म्हणतो. भांडण झालं की मी त्याला ऐकवायचे की एक मुलगा होता, ताट पुसून उठला आणि वर आईला हात जोडले. आबांचं तर विचारूच नकोस. लग्नकार्यात, पारावर, अगदी शेवटच्या आजारात बघायला आलेल्यांनाही ते सांगायचे, “हैबतरावाचं पोर ह्या हितं बसून जेवलं. ताटात कन ठिवला न्हाई.” आबांना जाऊन आठ वर्षं झाली.

गेल्या वर्षी दिवाळी अंकात तुझा लेख आला. ‘एका घासाचं ऋण’. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा वाचला तेव्हा मी रडले. तू मला ‘ग’ म्हटलं होतंस, माझ्या आईला, जाईबाईला, ‘एक कष्टाळू माउली’, आबांना तर नावही नव्हतं, तरी रडले. त्याला आठवतंय, एवढ्यावरच माझं पोट भरलं. सगळं होतं त्यात: पाऊस, पाट, चुलीचा धूर. आणि शेवटी ते वाक्य, ज्यावर पुढच्या अंकात वाचकांची पत्रं आली: ‘त्या घासासरशी माझ्या रक्तातल्या पन्नास पिढ्यांचा विटाळ धुऊन निघाला आणि हैबतरावांचा मुलगा त्या पाटावरून माणूस होऊन उठला.’

दुसऱ्यांदा वाचला तेव्हा डोळे कोरडे होते आणि जीभ जागी झाली. तू लिहिलं होतंस, ‘आमसुलाचा तो जांभळट आंबटपणा जिभेच्या कडा धरून कितीतरी वेळ रेंगाळत राहिला.’ फार बरोबर लिहिलं आहेस. आमसूल अगदी असंच लागतं. कडा धरतं आणि सोडत नाही. हे वाक्य जिभेवरूनच आलेलं होतं. पण आमच्या खेकड्यात आमसूल नसतं. आमच्या घरात तेव्हा आमसूल कधी आलेलंच नव्हतं. रंभाकाकूंचं माहेर घाटाखाली कोकणात, दर उन्हाळ्यात तिकडून आमसुलांची पिशवी यायची, हे तूच मला एस.टी.त सांगितलं होतंस. तुमच्या घरच्या खेकड्याच्या आमटीचं वर्णन लिहून तू ते माझ्या आईच्या नावावर घातलंस.

तरीही मी तुझी बाजू घेतली. म्हटलं, वीस वर्षांत माणूस विसरतो, एका आमटीत दुसरी मिसळते. दुसऱ्या दिवशी कामावर गेले. तिसरा मसाला जिभेवर असताना मला ते ताट दिसलं. रिकामं, लख्ख. खेकडा खाल्लेलं ताट रिकामं नसतं, रोहित. कवचांचा, नांग्यांचा ढीग उरतो त्यात. खाण्याआधीपेक्षा जास्त पसारा होतो. मी, जी सोळा वर्षं पगार घेऊन चव तपासते, आणि त्याआधी लहानपणापासून दर पावसाळ्यात खेकडे खात आले, ती मी वीस वर्षं ते स्वच्छ ताट डोळ्यांपुढे आणून सुखावत होते. हातातला चमचा खाली ठेवला. घसा बसलाय म्हणून सांगितलं आणि दुपारच्या गाडीने आईकडे गेले.

ती दारात तांदूळ निवडत बसली होती. मी विचारलं. तिने सूप खाली ठेवलं नाही. खडे बाजूला काढत काढतच म्हणाली, “तवाच कळलं व्हतं मला. खिडकीखाली कर्दळीत पडलं व्हतं समदं. भाकरी बी. तुझ्या आबाच्या नजरंला पडायच्या आत उचललं.”

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस.

“तू लई खुशीत व्हतीस. आन मला वाटलं, लगीन झाल्यावर शिकंल खायाला.”

लग्नाचं मी तिच्याशी कधी एक अक्षर बोलले नव्हते. तिने ते ताट धुताना तेही जाणलं होतं आणि त्यासकट गिळलं होतं. पुढे बारा वर्षं आबा पाहुण्यांना ती गोष्ट सांगायचे तेव्हा ही बाजूला बसून माना डोलवायची. मी घरी येऊन दयानंदला सगळं सांगितलं. मला वाटलं आता तो इतक्या वर्षांचं उट्टं काढेल. तो म्हणाला, “म्हणजे अकरा खेकडे वाया गेले.” बाकी काही नाही. मला त्याच्याकडे वर बघवेना.

तू घाबरला असशील. एकवीस वर्षांचा होतास, हैबतराव कसे होते हे अख्ख्या खोऱ्याला माहीत आहे, आणि बालपणापासून अंगात मुरवलेली किळस एका दुपारी जात नाही, हेही मला समजतं. मला लिंबाला पाठवण्याऐवजी तू नुसतं म्हणाला असतास की गौतमी, माझ्याने होत नाही, तर मी स्वतः ते ताट उचलून आत नेलं असतं. कदाचित रडले असते, पण नेलं असतं. ताट फेकलंस हे मी माफ करू शकते. त्यानंतर इतक्या वर्षांनी, कुणी मागितलेलं नसताना, भरल्या पोटाने बंगल्याच्या व्हरांड्यात बसून तू तो घास शब्दांत खाल्लास, त्याला आमसूल लावलंस आणि माणूस झाल्याची पावती स्वतःच्या हाताने लिहून घेतलीस. ते नाही करू शकत. ज्या चवीला तू शिवला नाहीस तिच्या जोरावर तू मोठा झालास. तुझ्या इतर लेखांचंही आता मला काही खरं वाटत नाही. सारंगीवाल्याच्या खाटेवर तू खरंच बसला होतास का, की दारातच उभा होतास?

आता पुस्तक. महिन्यापूर्वी, आषाढ संपायच्या आत, तुझ्या प्रकाशकांकडची स्वरदा नावाची मुलगी कॅमेरा घेऊन आईकडे आली. दिवाळीआधी तुझे लेख पुस्तकरूपाने येणार आहेत आणि ‘एका घासाचं ऋण’ त्यात पहिला आहे, असं तिने सांगितलं. आईचा चुलीपाशी फोटो हवा होता, जमलं तर नऊवारीत, हा तुझा निरोप. आई नऊवारी नेसत नाही, कधीच नेसली नाही. तुझा बंगला आणि आईचं घर यांच्यामध्ये एक ओढा आणि दोन खाचरं आहेत. तू स्वतः आला नाहीस. मी सुट्टी काढून तिथे थांबले होते, तू येशील या अपेक्षेनेच. तुला काय काय बोलायचं ते मी पाठ केलं होतं.

शेजाऱ्यांनी खेकडे दिले होते, आईने चुलीवर चढवले. उकळी येईपर्यंत स्वरदाने तिला तुझा लेख वाचून दाखवला. छान वाचते मुलगी. आईने पूर्ण ऐकला, विटाळ धुऊन निघाल्याचंही ऐकलं. म्हणाली, “चांगलं लिवलंय.” मग स्वरदा पाककृती उतरवून घ्यायला बसली आणि आमसुलं किती घालायची ते तिने विचारलं. आईने सांगितलं की आम्ही आमसूल घालत नाही. स्वरदा लेखाकडे बघायला लागली, मग माझ्याकडे. तिने पर्समधून परवानगीचा फॉर्म काढला, फोटोसाठी आणि पाककृतीसाठी. आईने तोही वाचून घेतला, आणि सही न करता माझ्या हातात दिला. “माज्या नावानं लोकं आमसूल घालतील. ते नगं,” म्हणाली. स्वरदाने समजूत घातली की आजी, सर तेवढा शब्द दुरुस्त करतील. आईने आमटी ढवळली आणि म्हणाली, “खाल्ल्याबिगर कसा करंल?”

स्वरदाला त्यातलं काही कळलं नाही. मला कळलं, आणि तुला कळेल.

फॉर्म कोरा परत पाठवते आहे. तुला पुस्तकातून तो लेख काढावा लागेल. काढला नाहीस तर मी दुसरं पत्र लिहीन, आणि ते तुझ्या पत्त्यावर जाणार नाही. पण एवढ्यासाठी मला पानंच्या पानं लिहायची गरज नव्हती. स्वरदाला एक फोन केला असता तरी भागलं असतं. खरं कारण त्यानंतर घडलं.

आईने स्वरदाला जेवायला वाढलं. त्याच खोलीत, खिडकीशी. तिने खेकडा कधी खाल्ला नव्हता आणि तसं तिने सरळ सांगितलं. आई तिच्यापुढे मांडी घालून बसली आणि नांगी दाताखाली कशी धरायची, पायातला गर कसा ओढायचा ते दाखवायला लागली. मुलीच्या हनुवटीवरून रस्सा ओघळत होता, नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. आईलाही मी कित्येक वर्षांत इतकं मोकळं हसताना बघितलं नव्हतं. आणि मी दारात उभी राहून त्या मुलीच्या ताटातली कवचं मोजत होते. एक पाय तोंडात गेला, तो बाहेर आला की नाही. भाकरी तिने मोडली, ती खाल्ली की मांडीखाली सरकवली. ती ताट घेऊन उठली तशी मी तिच्या मागून पडवीपर्यंत गेले. ती वळली आणि म्हणाली, “ताई, खरकटं कुठे टाकू?” ताटात चोखून पांढरी पडलेली कवचं होती, भरपूर. मी तिला जागा दाखवली. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण ती हात धूत असताना मी घराला वळसा घालून खिडकीखाली गेले आणि ओणवी होऊन बघितलं. तिथे काही नव्हतं. वर बघितलं तर खिडकीत आई. तिने मला बघितलं होतं. ती एवढंच म्हणाली, “गौतमे, आत ये. जेव.” मी आत गेले, जेवायला बसले, दोन खेकडे खाल्ले. धूर आधी लागला की गोड, तिखट कुठे जाऊन बसलं, मला काही सांगता आलं नाही, अजूनही येत नाही. सगळा वेळ माझ्या डोक्यात एकच होतं, की माझ्या आईच्या हातचं आनंदाने जेवणाऱ्या एका निर्मळ मुलीवर मी चोरावर ठेवावा तसा पहारा ठेवला. पुढे कुणीही आमच्याकडे जेवायला बसलं की मी अशीच दारात उभी राहणार आहे. मला हे करणारा माणूस ओढ्यापलीकडे रसिक म्हणून बसला आहे आणि त्याला याची खबरही नाही. ती खबर तुला असावी, म्हणून हे पत्र.

जाईबाईचीच,
गौतमी